पायाचा नंबर न विचारणारा माणूस

मी बँकेत काम करते. ओटीपी कोणाला सांगू नका, हे ग्राहकांना समजावण्यात माझी निम्मी दुपार जाते. म्हणूनच मी स्वतः कशी फसले, हे लिहायला इतके महिने लागले. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत अजूनही काहींना वाटतं की आम्ही मालदीवला जाऊन मजा करून आलो.

२०२४चा ऑगस्ट. पालिकेच्या तरणतलावावर सकाळच्या बॅचला येणारे आम्ही चौघं. चौघांनीही अंदमानात स्कूबा डायव्हिंगचा ‘ओपन वॉटर’ हा पहिला कोर्स केलेला. माझ्या लॉगबुकात मोजून अकरा डाइव्ह. ‘तो’ तिथेच नवशिक्यांना शिकवायला यायचा. पाण्यात माणूस खरोखर उत्तम. मास्कमध्ये पाणी शिरलं की घाबरणाऱ्या माझ्या मैत्रिणीची भीती त्याने अर्ध्या तासात घालवली. ज्याच्या भरवशावर पाण्याखाली श्वास घेतला, त्याच्या हातात पैसे द्यायला कसली भीती, असा आमचा हिशोब. आज हसू येतं, तेव्हा आलं नाही.

तलावपाळीच्या कट्ट्यावर बसवून त्याने फोनवर सफारी बोट दाखवली. सात रात्री बोटीवरच राहायचं, तिथेच जेवायचं, दिवसाला तीन डाइव्ह. प्रवाळबेटांच्या मधल्या खाड्यांना तिकडे कांडू म्हणतात. समुद्राचं पाणी त्यातून जोरात आत शिरतं आणि त्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क जमतात. अलिमाथा बेटाशी रात्री नर्स शार्क पायाशी घोटाळतात. मालदीवने २०१०मध्ये शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, म्हणून तिथे ते अजून एवढे दिसतात. हे सगळं खरं आहे. खऱ्यात तो खोटं असं मिसळायचा की सांधा दिसू नये.

सांधा होता, आम्ही पाहिला नाही. त्याच्या कागदावर रासधूचे हॅमरहेड, दक्षिण आरीचा व्हेल शार्क आणि फुवाहमुलाचे टायगर शार्क असं सगळं एकाच सफरीत होतं. नकाशा उघडून बघा. फुवाहमुला मालेपासून जवळजवळ ५०० किलोमीटर दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे. सात रात्रींत हे सगळं करून, वर रोज तीन डाइव्ह मारून मालेला परतणारी बोट अजून कोणी बांधलेली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. आम्हाला कुणी काही विचारलंच नाही. खरी बोट कोर्स केल्याचं तुमचं कार्ड मागते, डाइव्ह किती झाले ते विचारते, विम्याचा कागद मागते, वेटसूटचं माप आणि फिन्ससाठी पायाचा नंबर घेते. ओपन वॉटरवाल्याची खोलीची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या ॲडव्हान्स्ड कोर्सची ३०. कांडूच्या तोंडाशी बहुतेक डाइव्ह खोल आणि प्रवाह ओढून नेणारा, म्हणून कित्येक बोटी ॲडव्हान्स्ड कार्ड मागतात, दूर दक्षिणेच्या सफरीला तर पन्नासेक डाइव्हही. मी एकदा म्हटलं, “माझे अकराच आहेत.” तो हसला. “ताई, तुम्ही नुसत्या बॅगा भरा. तिकडे कोण बघतंय!” मला ते कौतुक वाटलं.

पैसे माणशी १,३८,००० रुपये. बोटीच्या स्वतःच्या दरापेक्षा जेमतेम थोडे कमी. अगदीच स्वस्त असते तर संशय आला असता. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विकणाऱ्याने टीसीएस, म्हणजे ग्राहकाच्या नावावरचा आगाऊ आयकर, घ्यायचा असतो. तेव्हा सात लाखांपर्यंत तो ५ टक्के होता. हे पैसे बुडत नाहीत, आयकराच्या नोंदीत आपल्या नावावर दिसतात आणि रिटर्न भरताना वळते होतात. तो म्हणाला, “जीएसटी, टीसीएस कशाला? तेवढे तुमचे वाचवतो. माझ्या बचत खात्यात टाका.” आणि मी, बँकेतली बाई, मान डोलावून एनईएफटी करून मोकळी झाले. तो कर म्हणजे माझ्या पॅनवर उमटणारी एकमेव सरकारी पावती होती, तीच मी घालवली. दिवाळीपर्यंत चौघांचे मिळून ५,५२,००० त्याच्याकडे गेले होते.

चौकशी केली नाही असं नाही. ऑक्टोबरमध्ये मी बोटवाल्यांना परस्पर मेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: होय, २ मार्चच्या फेरीत दोन केबिन तुमच्या गटासाठी धरल्या आहेत. मी ती मेल ग्रुपवर टाकली, सगळ्यांनी अंगठे दाखवले. उत्तर शंभर टक्के खरं होतं. फसलो ते तिथेच. बोटीवर केबिन थोड्या आगाऊ रकमेवर धरून ठेवतात आणि उरलेली रक्कम निघण्याच्या साठ-नव्वद दिवस आधी भरावी लागते. न भरल्यास केबिन मोकळी. मी ‘नाव आहे का’ एवढंच विचारलं. ‘किती रक्कम आली, बाकी कोणत्या तारखेला भरायची, आणि तेव्हा मला कळवाल का’ हे विचारलं नाही. आणि जानेवारीत पुन्हा मेल केली नाही. त्याचा खर्च शून्य रुपये होता.

विमानाची तिकिटं आम्हीच काढली होती, म्हणून ती तेवढी खरी निघाली. मालेच्या विमानतळाबाहेर रस्ता ओलांडला की समोर धक्काच. बोटींच्या नावांच्या पाट्या घेऊन पोरं उभी असतात. आमच्या बोटीची पाटीही होती. यादीत आमची नावं नव्हती. त्या पोराने शांतपणे फोन काढून मेल दाखवली: उरलेली रक्कम न आल्यामुळे जानेवारीत केबिन रद्द, आठवण करून देणाऱ्या दोन मेल ‘त्याला’ गेलेल्या. आमच्या केबिनमध्ये दुसरेच पाहुणे होते. त्यांचं सामान धोणीत, म्हणजे बोटीकडे नेणाऱ्या नावेत, चढताना आम्ही बघत उभे राहिलो. माझ्या मैत्रिणीच्या हातात ठेपल्यांचा डबा होता. का कोण जाणे, तो तिने त्या पोराला दिला.

पैसे घेणाऱ्या ‘त्या’चा फोन दोन दिवस बंद. तिसऱ्या दिवशी मेसेज: “ताई, आधीच्या ग्रुपचे पैसे अडकलेत, आठवड्यात करतो.” पुढे कळलं की आमच्या पैशांतून त्याने आधीच्या गटाची अंदमानची सहल उरकली होती. याची टोपी त्याला. आमचं डोकं शेवटचं, त्यावर घालायला टोपीच उरली नाही.

आम्ही हुलहुमालेच्या एका गेस्टहाऊसवर चार दिवस काढले आणि तिकिटं बदलून परत आलो. डाइव्हला कुणाचं मन झालं नाही. पहाटे धक्क्याशी उथळ पाण्यात ब्लॅकटिप शार्कची हातभर पिल्लं फिरत होती. माझ्या सफरीतले शार्क तेवढेच.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तो क्रमांक पैसे नुकते गेले असतील तर उपयोगी, म्हणजे खातं गोठवता येतं. आमचे जाऊन चार महिने झाले होते. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला: बिल कुठे आहे? नव्हतं. एनईएफटीच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅप आणि बोटवाल्यांच्या केबिन धरल्याच्या आणि रद्द केल्याच्या मेल यांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार दिली. ग्राहक आयोगातही गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, म्हणून चौघांनी वेगवेगळे अर्ज केले. आतापर्यंत चौघांत मिळून ४०,००० परत आले आहेत, तेही पोलिसांचा फोन गेल्यावर.

गेल्या महिन्यात कळव्याच्या एका मुलीने मला शोधून फोन केला. तिला लक्षद्वीपची सफर ठरवायची होती, त्याच माणसाकडे. दोन दिवसांत पैसे भरा म्हणतोय, म्हणाली. मी विचारलं, “तुझ्या पायाचा नंबर विचारला का त्याने?” ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “नाही हो ताई. पण फोटो खूप छान पाठवलेत.”