सहा पुस्तकं आणि त्यातल्या साड्या

मी गंगाखेडला ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. पुस्तकातलं मला फार कळतं असं नाही, पण चित्रातल्या बाईच्या अंगावरचं कापड खरं की खोटं ते पहिल्या नजरेत कळतं. परभणीच्या पुस्तक प्रदर्शनातून तिसरीतल्या लेकीसाठी जिद्दी बायांच्या चित्रगोष्टींचा संच आणला. सहा पुस्तकं, ४८० रुपये. प्रकाशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढच्या आवृत्तीत सुधारतीलही. लेक वाचतेच, शिवाय माप द्यायला येणाऱ्या बायांची लेकरंही दुकानात बसून चाळतात. आठ दिवसांत दोन पुस्तकांच्या पिना निघाल्या. मशीनला १८ नंबरची सुई लावली आणि मधल्या घडीवरून टीप मारली. आता पानं जाग्यावर आहेत. पण एवढे पैसे घेऊन शिलाई गिऱ्हाईकानं करायची, हे काही बरोबर नाही.

जिजाऊ आणि झाशीची राणी ठीक. तीच तलवार, तोच घोडा, लेकरांना पाठ आहे.

चांदबीबीचं मात्र बघतच राहावं. मोगलांनी सुरुंग लावून अहमदनगरच्या किल्ल्याची भिंत पाडली, १५९६ची गोष्ट. चांदबीबीनं उभं राहून रातोरात ते खिंडार बुजवून घेतलं. चित्रात मशाली आहेत, दगड वाहणारी माणसं आहेत, आणि तिच्या ओढणीला धूळ लागलेली आहे. फाटलं तिथं रात्रीतून ठिगळ लावायचं म्हणजे काय, ते लग्नसराईत आम्हाला विचारा!

अहिल्याबाईंच्या पुस्तकावर माझा राग आहे. नवरा कुंभेरच्या वेढ्यात १७५४ला गेला. त्यानंतरच्या चित्रांत आपण त्यांना पांढऱ्या साडीतच बघत आलो, हातात पिंड. इथं थेट जांभळी पैठणी, मोराचा पदर आणि गळाभर दागिने! चित्र सुंदर आहे हो, पण ही बाई कारभार करायला निघाली की रुखवत बघायला? त्यांनी महेश्वरला विणकर बसवले, महेश्वरी साडीचं नाव तिथूनच आलं, आणि त्याबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. काशी आहे, सोमनाथ आहे. परळी नाही. वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनीच केला, वेरूळच्या घृष्णेश्वराचाही. आमची लेकरं शिवरात्रीला परळीच्या पायऱ्या चढून येतात. त्यांना "हे ह्याच बाईनं बांधलंय" एवढं सांगितलं असतं तर पुस्तक सोडलं नसतं त्यांनी.

आनंदीबाईंना पांढरा कोट घातलाय. कशाला? अमेरिकेतल्या कॉलेजात १८८५ला काढलेला त्यांचा फोटो आहे, सोबत एक जपानची आणि एक सीरियाची मुलगी, तिघी आपापल्या देशाच्या कपड्यात. आनंदीबाई साडीत. पुढच्याच वर्षी डॉक्टर झाल्या, आणि १८८७ला, बावीस पूर्ण व्हायच्या आत गेल्या. शेवटचं पान कमी शब्दात, चांगलं लिहिलंय. लेकीनं ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

पण पैसे वसूल झाले ते सावित्रीबाईंच्या पुस्तकात. १८४८, भिडेवाड्यातली शाळा, आणि वाटेत अंगावर शेण-चिखल. चित्रकारानं साडीवर चार तपकिरी ठिपके दिलेत, जणू डिझाइनच. सुती कापडावर शेण असं पडत नाही. ते चिकटतं, वाळलं की कडक होतं, आणि धुतलं तरी हिरवट डाग मागं राहतो. मात्र पुढच्या पानावर पिशवी आहे. शाळेत गेल्यावर बदलायची दुसरी साडी त्या पिशवीत, नीट चौघडी घातलेली, आणि काठाचं एक टोक बाहेर लोंबतंय. ते टोक काढणाऱ्या चित्रकाराला मी कधीही फुकट पिको करून देईन.

त्या पानावर एका गिऱ्हाइकाचं पोरगं अडलं. "मावशी, मग ती शेणाची साडी धुतली कुणी?"

"त्यांनीच धुतली असंल की."

"रोज?"

"शेण रोज टाकलं तर रोज."

ते जरा गप बसलं. मग म्हणालं, "मग शाळेला उशीर नाही झाला का ओ?" त्याची माय हसली. मला टेप कुठं ठेवली तेच आठवंना.

एक तक्रार राहिली. सहात मराठवाड्याची एकही नाही. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके मुक्तिसंग्रामात पुरुषाच्या वेषात निजामाविरुद्ध लढल्या. चित्राच्या पुस्तकाला याहून काय पाहिजे? १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा होतो, भाषणं होतात, पण लेकरांच्या हातात द्यायला त्यांचं चित्र नाही. आणि जनाबाई तर आमच्या गंगाखेडची.

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान आहे, "तुझ्या गावची जिद्दी बाई इथे काढ" म्हणून. ही युक्ती चांगली आहे. लेकीनं जनाबाई काढली, समोर जातं. साडीला खरं कापड पाहिजे म्हणून माझ्या चिंध्यांच्या गठुड्यातला खणाचा तुकडा उचलला, कात्रीनं आडवातिडवा कापला, आणि भरपूर फेव्हिकॉल लावून चिकटवला. वरून जात्याला दोन टिकल्या. आता ते पुस्तक नीट मिटत नाही.