रेन-एक्स: हमरस्त्यावर कामाचे, सिग्नलवर नाही

रेन-एक्स म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवर लावायचा, पावसाचे पाणी झटकणारा लेप. त्याची १०३ मिलीची पिवळी बाटली घ्यावी की नाही, हे गाडी कुठे चालते त्यावर ठरते. पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा द्रुतगती मार्गावर किंवा मुंबई-गोवा महामार्गावर जात असाल, तर नक्की घ्या. गाडी घर, शाळा, मंडई आणि ऑफिस एवढ्यातच फिरत असेल, तर तेच पैसे चांगल्या वायपर ब्लेडवर घालवा.

हे नाव अमेरिकेत १९७२ पासूनचे आहे. बाटलीत अल्कोहोलमध्ये विरघळवलेले सिलिकॉन असते. साधी काच पाण्याला धरून ठेवते, म्हणून थेंब पसरतो आणि समोरचे चित्र पाण्याच्या वेड्यावाकड्या थराआड जाते. सिलिकॉनचा अतिशय पातळ थर काचेला चिकटला की पाण्याची ही पकड सुटते आणि थेंब गोल होऊन उभा राहतो. गाडीचा वारा त्याला वर ढकलतो आणि तो छपराकडे पळून जातो.

सगळी मदार या वाऱ्यावर आहे. ताशी ६० किमीच्या आसपास थेंब पळायला लागतात आणि ८० ला काच जवळजवळ आपोआप साफ होत राहते. पण ४०-५० ला वारा वर ढकलतो, वजन खाली ओढते आणि थेंब जागच्या जागी थरथरत राहतो. त्याहून हळू चाललात तर तो नुसता बसून राहतो. रात्री समोरून दिवे आले की असा प्रत्येक गोल थेंब छोट्या भिंगासारखा चमकतो. म्हणून सिग्नलवर उभ्या गाडीत, किंवा आंबोलीच्या वळणांवर धुक्यातल्या भुरभुरीत ताशी २५ ने चढताना, लेप लावलेली काच साध्या काचेपेक्षा त्रासदायक वाटू शकते. तिथे वायपर चालूच ठेवायचा. ‘लेप लावला, आता वायपर नको’ असे दुकानात कोणी सांगितले, तर ते मनावर घेऊ नका. काचेचा उतारही पाहा. सेडानच्या तिरप्या काचेवर वारा थेंबांना चांगला झाडतो, बोलेरो किंवा थारसारख्या उभ्या काचेवर तितका नाही.

लेप टिकत नाही अशी तक्रार बहुतेक वेळा बाटलीमुळे नसते, ती न घासलेल्या काचेमुळे असते. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा धूर, पुढच्या गाडीने उडवलेले तेलमिश्रित पाणी, बॉडीच्या पॉलिशचे मेण, या सगळ्याचा एक थर काचेवर साचतो आणि तो शाम्पूने निघत नाही. लेप काचेऐवजी या थरावर बसला, तर वायपर दोन-चार दिवसांत दोन्ही एकदमच खरवडून नेतो.

म्हणून आधी गाडी धुवा आणि काचेवर तांब्याभर पाणी सोडा. पाणी सलग पडद्यासारखे घसरले तर काच स्वच्छ आहे. ते मध्येच फाटून बेटे तयार झाली, तर काचेवर तेल किंवा जुना लेप आहे. तो काढायला काचेचेच कंपाउंड लागते. प्रोस्टाफच्या कीरोबिनसारखे तयार मिळते, किंवा सेरियम ऑक्साइडची पावडर पाण्यात पातळ लगद्यासारखी कालवता येते. बॉडीचे रबिंग कंपाउंड नको, त्यातले तेल आणि मेण पुन्हा काचेवरच बसते. ओल्या स्पंजने एका वेळी हातभर जागा घ्या आणि घासत राहा. सुरुवातीला लगदा तेलकट जागेवरून मागे सरतो, तिथे काच उघडी पडते. लगदा सगळीकडे सारखा पसरून राहिला, की त्या जागेचे काम झाले. हाताने पूर्ण काचेला पाऊण तास सहज जातो आणि हा वेळ वाचवण्यात काहीच अर्थ नाही. नंतर भरपूर पाण्याने धुवा, विशेषतः काचेच्या कडेचे काळे रबर आणि वायपरखालची जाळी. तिथे राहिलेली पांढरी पूड पुढे प्रत्येक फेरीत काचेवर येते.

बोअरच्या पाण्याचे क्षाराचे डाग ताजे असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून, फडके पाच मिनिटे ओले ठेवून निघतात. काचेत खोल गेलेले डाग आणि वायपरचे ओरखडे लेपाने झाकले जाणार नाहीत. शेवटी केमिस्टकडचे आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ मायक्रोफायबरवर घेऊन काच पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या.

लेप लावायचे काम त्यामानाने सोपे आहे. सकाळी, सावलीत, बोनेट गार असताना लावा. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काचेवर अल्कोहोल लगेच उडते आणि लेप पट्ट्यापट्ट्यांनी सुकतो. घडी घातलेल्या फडक्यावर थोडे द्रव घ्या, आधी चालकासमोरची अर्धी काच, मग उरलेली. छोटी गोलाकार वर्तुळे एकमेकांवर येऊ द्या, कोपरे सोडू नका. सुकले की दुधट झाक येते. दमट हवेत तिला वेळ लागतो, घाई करू नका. मग दुसरा हात द्या. दोन हातांना मिळून आठ-दहा मिली पुरते, जास्त ओतल्याने थर जाड होत नाही, फक्त पुसायचे काम वाढते. दुसरी झाक आली की काचेवर चार थेंब पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा आणि कोरड्या फडक्याने संपवा. कोरडे पुसत बसलात तर झाक नुसती इकडून तिकडे सरकते. बाटलीतले द्रव पेट घेणारे आहे, दिवा-काडी लांब ठेवा. वायपर उभे करून काम करत असाल, तर काचेवर जाड टॉवेल टाका. ब्लेड काढलेला दांडा स्प्रिंगने आपटला की काचेला तडा जातो.

लावल्यावर वायपर थडथडू लागला, हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा त्रास. पहिले कारण म्हणजे पुसायची राहिलेली झाक, ती ओल्या फडक्याने पुन्हा पुसली की जाते. दुसरे म्हणजे ब्लेडवर चिकटलेले सिलिकॉन आणि काजळी. रबराची धार अल्कोहोलच्या बोळ्याने, काळे येणे थांबेपर्यंत पुसा. तिसरे म्हणजे वर्षभर उन्हात कडक झालेले रबर. जाताना ओढले जाऊन येताना ते उलटे वळत नाही आणि उड्या मारते. त्याला नवे ब्लेड हाच उपाय. एवढे करूनही आवाज राहिला तर दांडा वाकलेला असतो आणि रबर काचेला काटकोनात टेकत नाही.

टिकण्याच्या बाबतीत रेन-एक्स मधल्या पायरीवर आहे. भर पावसात रोज चालणाऱ्या गाडीला साधारण महिनाभराने पुन्हा हात द्यायचा, असे धरून चाला. कोपऱ्यांत थेंब गोल आणि वायपरच्या पट्ट्यात पसरट दिसू लागले, की वेळ झाली. तेवढाच पट्टा अल्कोहोलने पुसून एक हात दिला तरी चालतो, सगळी घासाघीस पुन्हा नको.

जपानच्या सॉफ्ट९९ कंपनीचा अल्ट्रा ग्लॅको हाही असाच लेप, पण सिलिकॉनऐवजी फ्लोरिनवर्गातला आहे. बाटलीच्या तोंडालाच फेल्टचा बोळा असल्यामुळे लावायला सोपा, आणि कंपनी १२ महिन्यांपर्यंतचा दावा करते. आपल्या धुळीत आणि पावसात तेवढे धरू नये, पण तो सिलिकॉनपेक्षा जास्त टिकतो हे खरे. उलट बाजू अशी की ताजा सिलिकॉनचा लेप थेंबांना कमी वेगातही लवकर सोडतो. ज्याला वर्षातून एकदाच घासायचे आहे त्याने अल्ट्रा ग्लॅको घ्यावा. दर महिन्याला दहा मिनिटे देणाऱ्याला रेन-एक्समध्ये जास्त समाधान मिळेल. अमेरिकेच्या पीपीजी कंपनीने विकसित केलेले ॲक्वापेल हे तिसरे द्रव आत काचेची कुपी असलेल्या, एकदाच वापरायच्या ॲप्लिकेटरमध्ये येते. दाबून कुपी फोडली की ते लगेच संपवावे लागते, उरवून ठेवता येत नाही.

वॉशरच्या टाकीत कपड्यांची पावडर टाकायची सवय असेल तर आजच बंद करा. तिच्यातला क्षार लेप खातो आणि पुडीचे कण नोझलमध्ये अडकतात. साधे स्वच्छ पाणी किंवा काचेसाठीचे वॉशर द्रव पुरे. सर्व्हिसिंग सेंटरमध्ये काचेवर फोम आणि मेणाचे पॉलिश मारू नका, असे गाडी देतानाच सांगा.

वायपर बिघडला की ट्रकवाले काचेवर तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळतात. तो उपाय याच्या नेमका उलट आहे. त्याने थेंब मोडून पाण्याचा सपाट पडदा होतो आणि हळू चालणाऱ्या गाडीत त्यातून बऱ्यापैकी दिसते. पण पाच-दहा मिनिटांत तो धुऊन जातो, आणि लेप लावलेल्या काचेवर केला तर नुसता चिकटा होतो. म्हणजे हे दोन्ही एकत्र करायचे नाहीत. रॉकेल मात्र कधीच नको. दिव्यांसमोर त्याची रंगीत चकाकी दिसते आणि वायपरचे रबर फुगते.

समोरच्या काचेखेरीज कुठे लावू नये, हेही पाहून घ्या. बाजूच्या आरशांवर फायदा थोडा, कारण तिथे थेंब झाडायला वारा पोहोचत नाही. आरशाला पाणी पसरवणारी फिल्म जास्त बरी. आपोआप चालणाऱ्या वायपरच्या गाड्यांत सेन्सर काचेत परावर्तित होणाऱ्या अवरक्त प्रकाशावरून पाऊस ओळखतो, आणि गोल थेंब काचेला कमी टेकत असल्याने त्याचा अंदाज चुकू शकतो. अशा गाडीत काचेवरची, आतल्या आरशामागची तळहाताएवढी जागा सोडून द्या आणि गाडीचे माहितीपुस्तक आधी वाचा. आतून लेप लावून वाफ थांबत नाही, तिथे एसी आणि डीफॉगरच हवा. हेल्मेटच्या व्हायझरवर तर ही बाटली मुळीच वापरू नका. व्हायझर प्लॅस्टिकचा असतो आणि हे द्रव काचेसाठीच आहे. प्लॅस्टिकसाठी कंपनीची वेगळी बाटली मिळते.