नाकं मुरडणाऱ्याला आधी काय दाखवावं: ‘सोंगाड्या’ की ‘पांडू हवालदार’?

दादा कोंडके आवडतात म्हटलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं: द्व्यर्थी संवाद, ढिसाळ कथा, पिटातल्या शिट्ट्या. समीक्षकांनी वर्षानुवर्षं हेच लिहिलं. अशा माणसापुढे नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवाचा विक्रम काढून उपयोग नसतो. त्यातून गर्दी जमली एवढंच कळतं. त्यापेक्षा त्याला शेजारी बसवून एक चित्रपट दाखवावा.

बहुतेक जण ‘सोंगाड्या’ (१९७१) सुचवतात आणि त्याला कारण आहे. लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. दादांनी रंगभूमीवर गाजवलेलं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य सबनीसांचंच, त्यामुळे दादांच्या तोंडी कोणतं वाक्य बसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भोळा नाम्या, रत्नमालांची खमकी आये आणि तमाशाची ओढ, एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. चावटपणा आहे, पण तो वगाच्या, म्हणजे तमाशातल्या नाट्याच्या, चौकटीत येतो म्हणून सुसंस्कृत कानालाही पचतो.

आणि नेमकं हेच मला खटकतं. ‘सोंगाड्या’ आवडला की तोच माणूस म्हणतो, “हा चांगलाच आहे हो, सबनीसांचा ना! पुढे दादा घसरले.” श्रेय लेखकाला जातं, लोककलेला जातं. शिवाय दादरच्या कोहिनूर थिएटरनं ‘सोंगाड्या’ लावायला नकार दिला आणि बाळासाहेब ठाकरेंनी तो लावायला भाग पाडलं, हा किस्सा निघतो आणि चित्रपट बाजूला राहतो. दादांबद्दलचं मत होतं तिथेच राहतं.

‘पांडू हवालदार’ला (१९७५) ही पळवाट नाही. दादांचं हे पहिलं दिग्दर्शन, म्हणजे जे काही बरं-वाईट आहे ते त्यांच्याच पदरात. कथा सैल आहे, हे मान्यच करावं. पण पांडू आणि सखाराम हवालदार समोरासमोर आले की बतावणीचा, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादाचा, जुना साचा पोलिसी वर्दीत दिसायला लागतो: एक मुरलेला, एक भाबडा, आणि भाबड्याच्या प्रश्नानं मुरलेल्याची पंचाईत. दादांइतकाच ताकदीचा गडी, अशोक सराफ, समोर असल्यामुळे हशा एकट्याच्या शब्दखेळावर अवलंबून राहत नाही. सरकारी रुबाबाची अशी खिल्ली मला ‘सोंगाड्या’त सापडत नाही. संगीत राम-लक्ष्मण जोडीचं, त्यांची सुरुवात इथलीच.

दाखवताना मात्र काही गोष्टी सांभाळाव्यात. एकट्यानं मोबाइलवर पाहू नये. दादा रंगभूमीवरून आलेले. वाक्य टाकून ते हशासाठी जागा सोडतात. खोलीत हसणारे चार-पाच जण नसले तर ती जागा रिकामी राहते आणि चित्रपट रेंगाळतो असं वाटतं. दहा-दहा मिनिटांचे तुकडे तर नकोतच. त्यात फक्त चावट वाक्यं वेचलेली असतात, म्हणजे समीक्षकांचा आरोप आपणच सिद्ध करून देतो. उपशीर्षकांवर विसंबणाऱ्या अमराठी मित्राला आधी थोडी कल्पना द्यावी, कारण गंमत शब्द कुठे तोडला यात असते आणि ती खाली लिहून येत नाही. हिंदीतल्या ‘तेरे मेरे बीच में’पासून (१९८४) सुरुवात करणं सगळ्यात वाईट. बोलीचा आधार सुटला की उरतो तो नुसता आचरटपणा, आणि तिथे समीक्षकांशी माझं फारसं भांडण नाही.

तमाशा, वग यांची मुळातच आवड असलेल्या माणसाला ‘सोंगाड्या’ आधी दाखवला तरी चालेल. त्याला दादा पटवून द्यायचे नसतातच. घरात वडीलधारी मंडळी असतील तरी तोच सोयीचा. पण आक्षेप घेऊन आलेला माणूस समोर असेल, तर मी ‘पांडू’च लावेन, आणि अशोक सराफांचा पहिला प्रसंग संपेपर्यंत त्याच्याशी वाद घालणार नाही.