आठ महिने झिमरमन-बर्नस्टाईनच्या बेथोवनसोबत

क्रिस्टियान झिमरमन पियानोवर, साथीला व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक लेनर्ड बर्नस्टाईन. बेथोवनच्या पाच पियानो कॉन्चेर्टोंचं, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनांचं, हे चित्रीकरण मी गेले आठ महिने पाहतेय. तिसरा, चौथा आणि पाचवा १९८९ मध्ये व्हिएन्नाच्या म्युझिकफराईन सभागृहात चित्रित झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्नस्टाईन गेले, त्यामुळे पहिल्या दोन्हींत झिमरमनच पियानोवर बसून वाद्यवृंद सांभाळतो. तेही चांगले आहेत, पण माझा जीव जडला तो चौथ्यावर.

हा कॉन्चेर्टो मी आधी नुसता ऐकला होता. पाहायला लागल्यावर कळलं की कितीतरी गोष्टी कानातून निसटल्या होत्या. सुरुवात एकट्या पियानोची, जेमतेम पाच मात्राखंड, अगदी हळू आवाजात. एवढा मोठा ताफा समोर बसलेला आणि संचालकाला तेवढ्यापुरतं कामच नाही, फक्त ऐकायचं. नंतर तंतुवाद्यं उत्तर देतात ती भलत्याच स्वरातून, आणि तीही तितक्याच हलक्या हाताने.

दुसरा भाग पाच-सहा मिनिटांचाच. त्यात वाजतात फक्त तंतुवाद्यं आणि पियानो. तंतुवाद्यं सगळी एका सुरात, खडसावून बोलतात. पियानो आवाज न चढवता आपलं म्हणणं मांडत राहतो. हळूहळू तो दरारा ओसरतो. बासरी, ओबो, हॉर्न अशी फुंकवाद्यं वाजवणारे हे सगळं मांडीवर वाद्य घेऊन ऐकत असतात. टिंपनी (मोठे नगारे) आणि ट्रम्पेटवाल्यांचं तर आणखी नवल. पहिल्या दोन भागांत त्यांना एकही सूर नाही. पंचवीसेक मिनिटं गप्प बसायचं आणि तिसऱ्या भागात एकदम पूर्ण जोरात शिरायचं! कितीही वेळा पाहिलं तरी त्या क्षणी मी सावरून बसते.

तक्रारीही आहेत. चौकट जुन्या टीव्हीची, त्यामुळे आजच्या पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. त्याची सवय होते. पण कॅमेरा बोटांवर फार रेंगाळतो. झिमरमनची बोटं पाहण्यासारखी आहेत हे खरं, तरी धून ओबोकडे गेली की मला ओबोवाला दिसायला हवा.

डीव्हीडी घेण्याआधी एका ॲपवर पाहत होते, तिथला अनुभव वाईट. पाचव्या कॉन्चेर्टोत दुसरा भाग संपत येतो तेव्हा बासून हे खर्जातलं फुंकवाद्य धरून ठेवलेला सूर अर्ध्या पायरीने खाली आणतो, हॉर्न तो खालचा सूर लांबवतात आणि पियानो पुढची चाल दबक्या आवाजात चाचपून पाहतो. मग न थांबता तिसरा भाग उसळतो. बेथोवनने हे दोन भाग जोडूनच लिहिलेत. नेमकी तिथेच ॲपवर जाहिरात लागायची. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, रागाने. ज्यांना पाचवा पाहायचाय त्यांनी डीव्हीडीच घ्यावी.

आणि पाचव्याच्या शेवटाजवळ थोडा आवाज वाढवून ठेवा. सगळा वाद्यवृंद थांबतो, पियानो आणि टिंपनी दोघंच उरतात. टिंपनीवाला एकच ठेका हळू हळू मंद करत नेतो, पियानो त्याच्याबरोबर विरत जातो. या फिलहार्मोनिकच्या टिंपनीला बकऱ्याचं कातडं असतं, आवाज कोरडा आणि उबदार. आमच्या घरी त्या वेळी पंखासुद्धा बंद असतो.