पिकोलो की कॉन्ट्राबासून: आधी कोणता कॉन्चेर्टो ऐकावा?

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऐकून आल्यावर ज्यांना नेहमीच्या बासरी-क्लॅरिनेटच्या पलीकडचं एकल वाद्य ऐकावंसं वाटतं, त्यांना मी दोन कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) सुचवतो: अमेरिकन लोवेल लीबरमनचा पिकोलो या छोट्या, उंच सुरांच्या बासरीसाठीचा (१९९६) आणि फिनलंडच्या कालेवी आहोचा कॉन्ट्राबासून या अगदी खर्जातल्या फुंकवाद्यासाठीचा (२००४-०५).

सोय बघाल तर लीबरमन. रचना आटोपशीर आहे आणि चर्चगेट लोकलच्या खडखडाटातही इअरफोनमधून पिकोलो स्वच्छ ऐकू येतो. मधला अडाजिओ, म्हणजे संथ भाग, फार सुंदर. पिकोलो म्हणजे कर्कश शिट्टी हा समज तिथे गळून पडतो. खालच्या स्वरांत त्याची फुंकरसुद्धा ऐकू येते.

माझं अडलं ते शेवटच्या प्रेस्तोपाशी, म्हणजे अतिद्रुत भागापाशी. तिथे मोझार्टची चाळिसावी सिंफनी, बेथोव्हेनची ‘एरोइका’ आणि अमेरिकन संगीतकार सूझाचं प्रसिद्ध मार्च (लष्करी संचलनाची धून) डोकावून जातात. पहिल्यांदा मजा वाटली. पुढे पुढे मात्र मी त्या ओळखीच्या सुरांचीच वाट बघायला लागलो. राग रंगात आलेला असताना गायकाने मध्येच लोकप्रिय नाट्यपदाची ओळ घ्यावी, टाळ्या पडाव्यात आणि राग हातातून सुटावा, तसं काहीसं. तोवर पिकोलोने स्वतःचं म्हणून जे उभं केलेलं असतं, त्यावरून लक्ष उडतं. कुणाला नेमकी हीच जागा आवडेल, हेही खरं.

आहो ऐकताना असं ओळखीचं बोट धरायला मिळालं नाही, आणि तेच मला भावलं. एरवी डबल बासच्या सावलीत वावरणारं हे वाद्य इथे स्वतःच्या आवाजात बोलतं. त्याचा सर्वात खालचा स्वर २९ हर्ट्झच्या आसपासचा. तिथे सूर सलग न लागता त्याची कंपनं सुटी सुटी, जवळजवळ मोजता येतील अशी जाणवतात.

अडचण एवढीच की फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच पोचत नाही, आणि फ्रिजची घरघरही आड येते. मी रात्री उशिरा, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावून ऐकतो.

ऐकणं फक्त प्रवासातच होत असेल, तर लीबरमन घ्या. घरी निवांत अर्धा-पाऊण तास मिळणार असेल, तर मी आधी आहो लावेन. बीआयएस या रेकॉर्ड कंपनीचं ध्वनिमुद्रण शोधा: बर्गन फिलहार्मोनिक, वाद्यवृंद-संचालक अँड्र्यू लिटन, आणि वादक लुइस लिपनिक, ज्यांच्यासाठी हा कॉन्चेर्टो लिहिला गेला.