‘इन्युएन्डो’, दोन रेकॉर्डची आवृत्ती: एका निवृत्त सिस्टरच्या कानांनी

आधी खरेदीचं सांगते, कारण त्यात माझे पंधरा दिवस गेले. क्वीन या इंग्लिश रॉक बँडच्या ‘इन्युएन्डो’ या अल्बमची दोन रेकॉर्डची आवृत्ती मी पहिल्यांदा ऑनलाइन मागवली, तीही भर पावसाळ्यात. खोका वरून कोरडा होता, पण आत कव्हरचा कोपरा मुडपलेला आणि पहिली रेकॉर्ड कडेला इतकी वाकलेली की सुई सारखी वरखाली होत होती. परत पाठवली. मग धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, रेकॉर्ड हातात धरून बघितल्याशिवाय घ्यायची नसते,” आणि मला फोर्टातल्या एका लहानशा दुकानात घेऊन गेला. दुकानदाराने पैसे घेण्याआधी पाकीट उघडलं, रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत फक्त कडेने धरली आणि ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवून दाखवली. आतलं कागदी पाकीट बाजूला काढून न मागता प्लास्टिकचं दिलं. “आपल्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते,” म्हणाला. साडेतीन हजार रुपये झाले. माझ्या पेन्शनमध्ये ही रक्कम लहान नाही, म्हणून नीट लिहिते आहे.

मी संगीतातली जाणकार नाही. महापालिकेच्या एका रुग्णालयात तेहतीस वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्या गिरगावच्या दोन खोल्यांत आला तो भावामुळे. ऱ्हिदम हाउस या दुकानातून आणलेल्या कॅसेटी तो आई देवळात गेली की मोठ्या आवाजात लावायचा. नोव्हेंबर १९९१ मध्ये एक दिवस मी नाइट ड्यूटी करून घरी आले, तर तो फ्रेडी गेल्याची बातमी असलेलं वर्तमानपत्र घेऊन दारातच उभा होता. म्हणाला, “ताई, तुझ्या वॉर्डातला आजार.”

तेव्हा आमच्या वॉर्डात या आजाराचे, म्हणजे एड्सचे, पेशंट नुकते यायला लागले होते. त्यांची कॉट शेवटी, संडासाच्या बाजूला. केसपेपरवर लाल शाईने खूण. घरचे डबा आणायचे, पण दाराशी ठेवून निघून जायचे. ताप बघायलासुद्धा कुणी हात लावायला तयार नसे. आम्हा सिस्टरांनाही पुरेसं कुणी शिकवलं नव्हतं, आणि पहिले काही महिने मीसुद्धा हातमोज्यांवर हातमोजे घातले, हे मला आजही टोचतं. त्यामुळे भावाने ती बातमी वाचून दाखवली तेव्हा मला त्या गायकाची श्रीमंती दिसली नाही. मी विचारलं, “त्याच्याजवळ कोण होतं?”

याचं उत्तर मला पुढे कितीतरी वर्षांनी, तुकड्यातुकड्याने वाचत गेले तेव्हा मिळालं. लंडनमध्ये केन्सिंग्टनला, १, लोगन प्लेस इथे विटांच्या उंच भिंतीआड त्याचं ‘गार्डन लॉज’ हे घर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका चित्रकार-शिल्पकार जोडप्यासाठी बांधलेलं. फ्रेडीने ते १९८० मध्ये घेतलं. आत जपानी बाग, कोई मासे, मांजरं आणि भिंतीभर चित्रं. बाहेर दिवसरात्र पत्रकार उभे. आत त्याची सेवा करणारे घरातलेच: जोडीदार जिम हटन, पीटर फ्रीस्टोन, स्वयंपाक बघणारा जो फानेली. यातलं कुणीही आमच्यासारखं नर्सिंग शिकलेलं नव्हतं, पण शिरेत बसवलेल्या नळीतून औषध द्यायला ते शिकले. त्याची जुनी मैत्रीण मेरी ऑस्टिन, जिच्या नावे त्याने ते घर ठेवलं, तीही येऊनजाऊन होती. नोव्हेंबरमध्ये त्याने दुखणं थांबवणाऱ्या औषधांखेरीज बाकीची सगळी औषधं बंद केली. नजर जवळपास गेली होती. शेवटच्या आठवड्यात त्याला आपली चित्रं पुन्हा बघायची होती, म्हणून त्याला उचलून खाली आणलं. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला आणि २४ तारखेला संध्याकाळी त्याच घरात, स्वतःच्या पलंगावर तो गेला. वय ४५. कारण ब्राँकोन्यूमोनिया. अंत्यविधी पारशी पुरोहितांनी केले. झांझिबारहून बोटीने मुंबईला उतरून पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकायला आलेला फारुख बलसारा (हेच फ्रेडीचं मूळ नाव) शेवटी अवेस्तातल्या प्रार्थनेत निघाला.

स्पर्श करायला माणसं होती. मला एवढंच हवं होतं.

आता रेकॉर्ड. १९९१ मध्ये हा अल्बम आला तेव्हा एका रेकॉर्डवर सगळं मावेना म्हणून काही गाणी छाटून लहान केली होती. ‘बिजू’चा तर मोठा भाग गेला होता. पुढे २०१५ मध्ये निघालेल्या या आवृत्तीत बाराही गाणी चार बाजूंवर पूर्ण लांबीची आहेत. मूळ टेपवर ध्वनितंत्रज्ञ बॉब लडविगने काम केलं आणि मास्टर, म्हणजे जिच्यावरून प्रती निघतात ती तबकडी, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेलने निम्म्या वेगाने कोरली. निम्म्या वेगाने कोरली की सुईला चर कोरायला दुप्पट वेळ मिळतो आणि बारीक तपशील नीट उतरतो. भावाने हे समजावलं, पण मला ते पटलं ऐकताना, कारण मला त्याचा श्वास ऐकू आला.

मी आयुष्यभर श्वास मोजले आहेत. घड्याळाकडे बघत, पेशंटला कळू न देता, कारण कळलं की तो बदलतो. या रेकॉर्डवर मी तेच केलं. या अल्बमचं काम १९८९ आणि १९९० मध्ये लंडनला आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूला झालं. आजाराचं निदान त्याआधीच, १९८७ मध्ये झालं होतं. पायाला जखम होती. एकदा जेवताना त्याने पाय दाखवला, तर पाऊल फारसं उरलंच नव्हतं, असं क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने पुढे सांगितलं. असल्या जखमेचं ड्रेसिंग करताना पेशंटच्या पोटातून कसा आवाज निघतो ते मला ठाऊक आहे. आणि इथे हा माणूस ओळ सुरू करण्याआधी खोल, भरलेला श्वास घेतो आणि शेवटच्या अक्षरापर्यंत तो पुरवतो. कुठे धाप नाही. चौथ्या बाजूवर ‘बिजू’ पूर्ण ऐका. त्यात तो अगदी थोड्या ओळी गातो आणि बाकी सगळं गिटार. कॅसेटवर मला ते गाणं रिकामं वाटायचं. आता मला तिथे मित्राने त्याला टेकायला जागा दिल्यासारखी वाटते. लगेच पुढे ‘द शो मस्ट गो ऑन’. ब्रायन मे सांगतो की एवढं वर गाणं फ्रेडीला झेपेल का याची आपल्याला काळजी होती. फ्रेडीने व्होडकाचा घोट घेतला आणि गाऊन मोकळा झाला. पहिल्या वेळी मी टर्नटेबल बंद करून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तिसऱ्या बाजूवर ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज’ आहे. याचं चित्रीकरण ३० मे १९९१ चं, कॅमेऱ्यासमोर त्याचं शेवटचं. कृष्णधवल ठेवलं, कारण रंगीत फिल्ममध्ये तो किती खंगला आहे ते लपत नाही. तो जवळजवळ हलतच नाही. मेकअपखाली गालाची हाडं बघून मी मनात वजनाचा आकडा मांडला, सवयच आहे ती. ‘डिलायला’ हे लाडक्या मांजरीवरचं गाणं मात्र मला आवडत नाही. भावाला आवडतं. आम्ही ते वगळत नाही.

उणिवाही सांगते. दर पंधराएक मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी याचा विचार करावा. कव्हर मात्र सुरेख आहे. ग्राँव्हिल या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रावरून घेतलेला विश्वं झेलणारा बाजीगर मोठ्या आकारात छान दिसतो. कॅसेटवर तो नखाएवढा होता.

२०२३ मध्ये त्या घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. बागेचं हिरवं दार, ज्यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं निरोप लिहिले होते, ते ४,१२,७५० पौंडांना गेलं. २०२४ मध्ये घरही विकायला काढलं. भाऊ हळहळला. मला त्या दाराचं तितकं वाटलं नाही. मला वाटलं ते १९९६ चं. तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार त्या वर्षी आला, म्हणजे त्याच्यानंतर पाचच वर्षांनी. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत तो मोफत मिळायला १ एप्रिल २००४ उजाडलं. मुंबईत जे. जे.मध्ये सुरू झालं तेव्हा मी तिथल्या एका मैत्रिणीला फोन करून किती गोळ्या, दिवसातून कितीदा, हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. आमच्या शेवटच्या कॉटवरची किती मुलं तोवर गेली होती, त्यांची नावं अजून मला येतात.

घेणाऱ्यांना एक सांगते: हेडफोन लावू नका, खोलीत ऐका, पंखा बंद करून. भावाने स्वतःसाठी प्रत सांगून ठेवली आहे, दुकानदार म्हणाला शनिवारी येईल. मी त्याला बजावलं आहे, सेलोफेन तिथेच काढायला लाव आणि कडा ट्यूबलाइटखाली बघून घे.