१६२ सामने की १७?
सात रस्त्याजवळच्या टपरीवर बुद्धिबळाचा पट मांडला की अमेरिकी खेळांचा लांब हंगाम बरा की छोटा, यावरून आमच्यात दोन तट पडतात. बेसबॉलवाले म्हणतात: मार्चअखेर ते सप्टेंबर, प्रत्येक संघाला १६२ सामने; आज हरलात तर उद्या पुन्हा मैदान. अंतिम मालिकाही सातांतले चार जिंकणाऱ्याची.

अमेरिकी फुटबॉलवाले हसतात, ‘अहो, एवढ्यात रब्बीची ज्वारी पेरून, काढून, भाकऱ्याही खाऊन होतात!’ त्यांचे १८ आठवड्यांत १७ सामने, मग बाद फेरी, फेब्रुवारीत सुपर बोल हा एकच अंतिम सामना. एक चुकीची खेळी की खेळ खल्लास.

माझं मत बेसबॉलला. बुद्धिबळपटू गुकेशनं २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत चीनच्या डिंग लिरेनविरुद्ध पहिलाच डाव गमावला होता. १४ डावांची लढत होती म्हणून सावरला, जगज्जेता झाला. फुटबॉलवाल्यांना हे पटत नाही. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, मात्र तेच जिंकतात, कटिंगही मीच पाजतो.